गुडघ्याने उघडणारं कपाट

बारक्याचं बिनसलं ते कपाटाच्या आवाजाने. तोपर्यंत सगळं नीट चाललं होतं. फोनच्या चौकटीत आई नेहमीसारखी अर्धीमुर्धी होती, म्हणजे कपाळ, एक डोळा आणि वर छताचा पंखा. मुलगा परदेशी शिकायला गेल्यापासून रोज बोलत असूनही फोन कुठे धरला की आपण पूर्ण दिसतो हे तिला उमगलं नव्हतं. ती शेजारणीच्या मोतीबिंदूची हकीकत सांगत होती, बारक्या हं हं करत पावाला लोणी लावत होता, आणि तेवढ्यात तिच्या खांद्यामागून एक लांबलचक माणूस बारक्याच्या खोलीत शिरला, बारक्याच्या कपाटासमोर उभा राहिला, हँडल वर उचलून धरलं आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात डावा गुडघा हाणला. धप्प, आणि मागोमाग कुंई. कपाट उघडलं. बारक्याच्या हातातली सुरी लोण्यातच राहिली. आता हे कपाट काही साधंसुधं नव्हतं. घरात आलं त्या दिवसापासून ते रुसलेलं होतं. सुतार वरचेवर येऊन गेला आणि शेवटी हात टेकून म्हणाला की याला दुरुस्ती नको, समजूत हवी. एकदा म्हणे चोर आला होता, सगळं घर चाळून झाल्यावर तो या कपाटाशी झटला, घामाघूम झाला, घटाघटा पाणी प्यायला आणि दमून रिकाम्या हाताने निघून गेला. चोर कधी आलाच नव्हता हा भाग वेगळा, पण आला असता तर असंच झालं असतं. वडिलांना ते उघडत नसे, आणि वडील लिफ्ट दुरुस्त करणारे, जन्मभर अडकलेली दारं उघडत आलेले. आई तर बारक्याच्या कपड्यांच्या घड्या खुर्चीवर ठेवून द्यायची, तूच घाल बाबा तुझ्या त्या खाष्ट कपाटात. साऱ्या जगात ते एकाच गुडघ्याला, बारक्याच्या, ओळख देत होतं. आणि आज, त्याच्या डोळ्यांदेखत, ते परक्या गुडघ्यासमोर मुकाट्याने उघडलं होतं, वर कुंईसुद्धा केलं होतं, जसं काही झालंच नाही. त्याला कोणी शिकवलं, असं त्याने आवाज जमेल तितका सपाट ठेवून विचारलं. आईचा डोळा मोठा झाला. कोणी कशाला शिकवेल, ती म्हणाली, आपलं आपणच जमवलं त्याने, हुशार आहे हो पोरगं.

पोरगं. लोण्याचा पाव त्याने चघळला पण तो गिळायला पाणी लागलं. हा लांबलचक माणूस कोण, तर दुसऱ्या कुठल्या देशातून त्यांच्या गावी शिकायला आलेला विद्यार्थी. बारक्या गेल्यावर घर खायला उठतं असं आईचं सुरू झालं होतं, आणि गावातल्या विद्यापीठाला बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी घरगुती खोल्या हव्याच होत्या. आईने परस्पर नाव देऊन टाकलं आणि मग बारक्याला कळवलं. तेव्हा तो मोठ्या मनाने छान केलंस म्हणाला होता. त्याच्या डोळ्यांसमोर घरी ठेवलेला विद्यार्थी म्हणजे कुंडीतल्या झाडासारखं काहीतरी होतं, कोपऱ्यात उभं राहणारं, पाणी घातलं की पुरे होणारं. पण हे झाड हिंडत होतं. त्याच्या उंचीवरून बारक्याने त्याचं मनातल्या मनात उंट असं नाव ठेवलं, आणि नाव ठेवल्यावर तो आणखीच जागा व्यापू लागला. उंट आईला मावशी म्हणायचा, वडिलांना काका. दोन-चार महिन्यांत त्याने तिथली भाषा मोडकीतोडकी का होईना उचलली होती, आणि त्याच्या चुकांना आई अशी हसायची की बारक्याला आपण पहिल्यापासून शुद्ध बोललो याचा पश्चात्ताप व्हावा. आपल्या गादीत वर्षानुवर्षं झोपून आपल्या अंगाचा एक खळगा पडला आहे, हे त्याला आता आठवलं, तिथे असताना कधी जाणवलं नव्हतं. त्या खळग्यात उंट मावत असेल का, की त्याचे पाय बाहेर लोंबत असतील? लोंबत असावेत अशी त्याची फार इच्छा होती. मग वाटलं, इतक्या दिवसांत गादीने नवा खळगा पाडून घेतला असेल. कपाटाने जर शब्द फिरवला, तर गादी ही कापसाची जात, तिचा काय भरवसा.

तो स्वतः राहत होता ती खोलीही कोणाची तरी होतीच, पण त्याचा त्याने कधी विचार केला नव्हता. घरमालकीण बाई शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. सगळी हयात आरशात बघत गेल्यामुळे त्या अजूनही खुर्चीतून उठायच्या आधी उजवीकडे आणि डावीकडे पाहून घेत, आणि भाजीचं पातेलं घेऊन वळताना ‘सरका’ असं रिकाम्या स्वयंपाकघराला बजावत. त्यांचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात दातांचा डॉक्टर. बारक्याच्या खोलीच्या चौकटीवर त्याची उंची पेन्सिलीने चढत गेलेली होती, छताला त्याने लहानपणी चिकटवलेल्या चांदण्या होत्या, आणि खिडकीच्या फळीत त्याने कोरलेला एक बोकड होता, निदान बारक्या त्याला बोकड समजत असे. स्वयंपाकघराच्या मागल्या दाराचं लाकूड दमटपणाने फुगायचं; किल्ली पुरती फिरवून थोडी मागे घ्यायची आणि कमरेचा धक्का द्यायचा, म्हणजे ते उघडे. ही खुबी बारक्याला पहिल्याच महिन्यात साधली होती आणि बाई त्याच्यावर खूश होत्या. डॉक्टर एका रविवारी आला, बागेत जायचं म्हणून त्या दाराशी खटपट करू लागला, तेव्हा बारक्या अदबीने पुढे झाला, जरा बाजूला होता का म्हणाला, आणि कमरेने एका दणक्यात दार मोकळं करून दिलं. बाई म्हणाल्या, बघ, याला येतं. डॉक्टर वा म्हणाला आणि हसला, पण त्यात नुसते दात होते. काय तिरसट माणूस आहे, असं बारक्याला वाटलं होतं, आणि तो पुन्हा आपल्या खोलीत, म्हणजे डॉक्टरच्या खोलीत, चांदण्यांखाली जाऊन पडला होता.

कपाटाच्या आवाजानंतर मात्र त्याचं कशात लक्ष लागेना. प्रयोगशाळेत त्याचं काम काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचं. किती जोर दिल्यावर कुठून तडा जातो ते बघायचं. ठोकळा बराच वेळ काही दाखवत नाही. काटा चढत राहतो, ठोकळा सभ्य माणसासारखा बसून राहतो, आणि मग कोपऱ्यातून बारीक कुजबुज ऐकू येते. बारक्याला ती कुजबुज आता स्वतःत ऐकू येत होती. आईने सांगितलं की उंटाने तिला फोन धरायला शिकवलं, कुजबुज. वडील त्याला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले, कुजबुज. वडील, जे बारक्याशी फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘आईला देतो’ यांपलीकडे जात नसत, ते उंटाला घेऊन दुकानात गेले. वाटेत काय बोलले असतील? की गप्पच चालले असतील, आणि ते गप्प चालणं बोलण्याहून जवळचं असेल? लहानपणी तोही वडिलांबरोबर असा गप्प चालला होता, त्यांच्या हत्यारांच्या पिशवीचा एक बंद धरून, ग्रीसच्या वासात. तो वास आता कोणाच्या नाकात असेल या विचाराने त्याने एक चांगला ठोकळा वेळेआधी फोडला आणि सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

आणि नेमका तेव्हाच उंटाचा निरोप आला. दादा, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं, आणि त्या दादाने बारक्याच्या दाताखाली खडा आला. दादा, मी तुमच्या खोलीत राहतो म्हणून मला संकोच वाटतो. मावशी खूप बोलतात. काका बोलत नाहीत. काकांशी काय बोलू? बारक्याने ते दोनदा वाचलं. मग त्याच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती आली तशी त्याला ती कुठून आली हेही कळलं. घरातल्या अगदी जुन्या, अंधाऱ्या कोपऱ्यातून ती आली होती. वडिलांना एकच गोष्ट सांगता येत असे, लिफ्टची गोष्ट, आणि ती घरात कोणी कधी पुरी होऊ दिली नव्हती. एक जुनं इस्पितळ. त्यातली लिफ्ट इतकी जुनी की वर जाताना खोकायची आणि खाली येताना शिव्या द्यायची. एके दिवशी ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. वीज गेलेली, बाहेर गर्दी, साहेब लोक येरझारा घालताहेत. वडील कमरेला दोर बांधून वरून खाली उतरले, लिफ्टच्या टपावर पाय टेकला, टपाची झडप उचलली, आणि आतून आवाज आला. इथे बारक्या आणि त्याची ताई, एकमेकांकडे बघून, तोंडातला घास सांभाळत, बायकी आवाज काढून एका सुरात म्हणायची: घाई करू नका. आणि हसून लोळायची. वडीलही थोडं हसायचे, मान हलवायचे, जेवायला लागायचे. पुढे काय झालं हे कोणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात आई उठलेली असायची. तिला नेमकं त्याच वाक्याला काहीतरी आणायचं आठवायचं. मग आतून नळाचा आवाज यायचा, भांड्यावर भांडं आपटायचं, आणि ती परत येऊन काही बोलायच्या आतच सगळ्यांना कळायचं की आता विषय बदलायचा. ताई लग्न होऊन गेली, बारक्या मोठा झाला, वडील गोष्ट सुरू करायचे तेही कमी झालं. अडकलेल्या लिफ्टमध्ये बाई होती, बाईने घाई करू नका म्हटलं, आणि आईला ती बाई खपत नव्हती. हे बारक्याला लहानपणापासून ठाऊक होतं, जसं आपल्याला घरातली कुठली पायरी वाजते ते ठाऊक असतं, कधीही शब्दांत न आणता. आज त्याने त्या पायरीवर मुद्दाम पाय द्यायचं ठरवलं. त्याने उंटाला लिहिलं: काकांना लिफ्टची गोष्ट विचार. सगळे जेवायला बसले की विचार, मावशी असताना. ते मध्येच थांबतील, पण तू थांबू देऊ नकोस. त्यांना ते फार आवडतं. पाठवून झाल्यावर त्याने शीळ घातली. बाईंनी खालून विचारलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. हो म्हणाला.

मग तो वाट बघू लागला. त्याच्या मनात जेवणाचं टेबल मांडलेलं होतं आणि तो रोज त्यावर तोच प्रसंग वाढून घेत होता. उंट विचारतोय, वडील खाकरून सुरू करतायत, आई उठतेय, नळ सुटलाय, उंट उंटासारखा मान उंच करून पुढे काय म्हणतोय, आत भांडं आपटतंय. दुसऱ्या दिवशी आईने फोन उचलला नाही, त्याला गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उचलला, पण आवाज कोरडा होता. काय गं, बरं नाही का, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, तुझ्या बाबांना या वयात कंठ फुटलाय, ऐकतेय. आणि उंट? आहे की, ती म्हणाली, आणि तिने आणखी काही सांगितलं नाही. एवढ्यावर त्याने आनंदी व्हायला हवं होतं. तो झालाही, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत. मग काटा चढताना बघत असताना त्याला एकदम आईची पाठ दिसली. नळ सोडून ठेवलेला, हाताखाली धुवायला एकही भांडं नाही, आणि ती नुसती पाण्याखाली बोटं धरून उभी. हे त्याने कधी पाहिलं होतं? पाहिलं होतं खरं. तो पाणी मागायला आत गेला होता, आणि तिने न वळता पेला भरून मागे धरला होता. आपण तिला ज्या बाईपासून इतकी वर्षं आडोसा दिला, तिलाच आपण घरात घुसवलं, जेवणाच्या टेबलाशी, आणि तेही कशासाठी, तर एका कपाटासाठी. लाज वाटली म्हणावं तर तेवढंही नाही. लाजेच्या आत, गाभ्याशी, हट्टी पोरासारखा एकच विचार पाय आपटत होता: पण तो गेला तर बरं होईल.

रविवारी त्याने फोन लावला तेव्हा खाली डॉक्टर आलेला होता, मायलेकांचं बोलणं जिन्यावरून पुसट ऐकू येत होतं. फोन लागला आणि बारक्या चपापला. आई पूर्ण दिसत होती. कपाळापासून कमरेपर्यंत, खुर्चीत बसलेली, शेजारी वडील, आणि मागे उभा उंट, ज्याचं डोकं मात्र चौकटीबाहेर गेलं होतं. फोनला कशाचा तरी टेकू दिलेला होता. आणि आई हसत होती. रडल्यावर हसावं तसं नाही, जुनं भांडण मिटल्यावर माणसं हसतात तसं, सैल. बारक्याने सावधपणे विचारलं की काय चाललंय. तिने सांगितलं, आणि सांगताना काही आडपडदा नव्हता, नवरा शेजारी बसलेला असताना सांगितलं, की तुझ्या बाबांची ती लिफ्टमधली बाई मी इतकी वर्षं डोक्यात बसवून ठेवली होती. पावडर लावून, केसांत फूल घालून. वयसुद्धा वाढू दिलं नाही मी तिचं. माझे केस पांढरे झाले, तिचे नाहीत. आणि तुझ्या बाबांनी एका शब्दाने सांगू नये की ती कोण. या पोराने पुढे काय, पुढे काय करत सगळी वदवून घेतली तेव्हा कळलं. वडील म्हणाले, तू कधी बसलीस का ऐकायला? उठायचीस. मला वाटायचं, कंटाळा येतो हिला.

बारक्याच्या कटाचा असा पाहुणचार झाला होता, आणि कोणाला पत्ताही नव्हता की तो कट होता. तो हळूच म्हणाला, मग पुढे काय झालं, बाबा?

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं त्याने. वडिलांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “तुला काय सांगायचं? तुला तर पाठ आहे.”

हे त्याला लागलं. नाही, पाठ नाही, मला फक्त निम्मी येते, असं तो म्हणणार तेवढ्यात वडिलांनीच मागे वळून उंटाला पुढे ओढलं. तू सांग रे, ते म्हणाले, मी बघतो बरोबर सांगतोस का. उंट वाकला, चौकटीत त्याचा चेहरा आला, आणि बारक्याने पहिल्यांदाच तो नीट पाहिला. पोरगाच होता. कानाजवळ दाढी करताना कापलेलं होतं. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते ती एक तयारी त्याच्या डोळ्यांत होती, बोलावलं तर लगेच उठण्याची. बारक्या तीच तयारी रोज सकाळी आरशात बघत होता. उंटाने सांगायला सुरुवात केली. लिफ्ट खोकायची. लिफ्ट शिवी द्यायची. वीज नाही, साहेब खूप. क्रियापदं वाटेल तिथे पडत होती, पण हात वडिलांचा होता, दोर सोडतानाचा, झडप उचलतानाचा, मनगटात तोच झटका. उंट म्हणाला, काकांनी झडप उचलली, आणि आतून आवाज आला. आणि थांबला.

तो गोष्ट विसरला असं बारक्याला वाटलं, आणि एक क्षण मनापासून बरं वाटलं. पण उंट बघत होता वडिलांकडे, आणि वडील फोनकडे. आई म्हणाली, अरे, तुझ्यासाठी थांबलाय तो. यांनी त्याला बजावलंय, हे वाक्य तू म्हणायचं नाही. ते या घरात मुलं म्हणतात. रोज सांगताना इथे थांबतात दोघं, तेवढी जागा सोडतात आणि पुढे जातात.

रोज. तेवढी जागा. बारक्याने घसा साफ केला. बायकी आवाज काढायचा प्रयत्न केला, पण आवाज कधीच फुटून गेला होता, तो निघाला तो वडिलांसारखाच, जाड आणि थोडा घोगरा.

“घाई करू नका,” तो म्हणाला.

वडील हसले, मान हलवली. आई उठली नाही. आणि उंट, वाट मोकळी झाल्यासारखा, भराभर पुढे निघाला. आत एक नर्स होती. म्हातारी होत आलेली, जाड. एकटी. ती म्हणाली, दिवसभर सगळे मला हाक मारतात, घरी गेले की घरचे हाक मारतात. इथे कोणी मारत नाही. जरा वेळ बंद राहू दे ना. मग काका टपावर बसून राहिले. मधून मधून पान्याने ठोकायचे, म्हणजे बाहेर वाटावं काम चालू आहे. खाली तिने डबा खाल्ला, बूट काढले, आणि झोपली. घोरली, असं उंटाने अतिशय गंभीरपणे सांगितलं आणि घोरून दाखवलं. मग काका वर मशीनच्या खोलीत गेले आणि ब्रेक इतका हळू सोडला, इतका हळू, की लिफ्ट पिसासारखी खाली आली आणि तिला जागसुद्धा आली नाही, दार उघडल्यावर आली. ती गेली. काकांचं तोंडही तिने पाहिलं नाही. संपली.

“संपली कुठे,” वडील म्हणाले. “त्यानंतर ती लिफ्ट दर आठवड्याला बंद पडायची. तिच्या कामाच्या पाळीला. साहेबांनी चौकशी लावली, बाहेरून मोठे इंजिनियर आणले. दोष कोणाला सापडला नाही. दोष टपावर बसलेला असायचा.”

आई सावकाश वळली. “दर आठवड्याला? हे काल नव्हतं.”

“गोष्ट आहे,” वडील म्हणाले. “वाढते.”

मग तिकडे तिघांचा एकच गलका झाला, आई नर्सचं वय पुन्हा विचारू लागली, उंट कोणाची बाजू घ्यावी कळेना म्हणून दोन्हीकडे मान डोलावू लागला, आणि फोन टेकूवरून घसरून छताकडे तोंड करून पडला. पंखा दिसू लागला. बारक्याने पंख्याकडे बघत थोडा वेळ ऐकलं. त्याला वाटलं, हेवा गेला असेल. चाचपून पाहिलं तर होता, जागच्या जागी, फक्त आता त्याला बसायला जागा झाली होती. फोन ठेवताना कुठूनसं धप्प ऐकू आलं आणि मागोमाग कुंई.

तो चहा करायला खाली गेला. बाई आरामखुर्चीत डुलक्या घेत होत्या. स्वयंपाकघरात डॉक्टर मागल्या दाराशी उभा होता, किल्ली फिरवत, हँडल ओढत, खांद्याने रेटत. मानेपर्यंत लाल झालेला. पावलं ऐकून त्याने मागे पाहिलं, आणि ती नजर बारक्याने लगेच ओळखली, इतके दिवस आपण अंगावर बाळगलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तशी. बारक्याची कंबर आपोआप हलली होती. त्याने ती आवरली. दाराकडे पाठ करून त्याने भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, आणि साखरेचा डबा कुठे असतो हे पक्कं माहीत असूनही फळ्यांवर शोधत बसला. मागे किल्ली खटखटत होती. एकदा कुठून तरी आठवल्यासारखी ती मागे फिरली. बारक्या साखर शोधत राहिला. मग कमरेचा दणका बसला, दार करकरलं, आणि बागेतली गार हवा त्याच्या पाठीला लागली.

“असं होतं तर,” डॉक्टर स्वतःशीच म्हणाला.

“साखर कुठे असते हो?” बारक्याने विचारलं.

डॉक्टरने न बघता हात वर केला आणि डबा काढून दिला.